बाबांना कळतंय का, हे बघायचं कसं

ताई, तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते म्हणजे काही चुकीचं समजले असेन तर लक्षात येईल. तुमचे वडील ६१ वर्षांचे, मेंदूत रक्तस्राव होऊन २३ दिवस झाले, व्हेंटिलेटर निघालाय पण गळ्यातली नळी आहे, डोळे उघडे असतात, जांभया देतात, पण हाकेला ओ देत नाहीत. डॉक्टर म्हणतात शुद्ध नाही. आई म्हणते त्यांना सगळं कळतंय, माझा हात घट्ट धरून ठेवतात. भाऊ म्हणतो की आता ते नुसतं शरीर आहे, बाबा कधीच गेले. आणि तुम्ही विचारताय की तिघांत खरं कोणाचं, आणि शुद्ध शुद्ध म्हणजे नेमकं काय.

मी भूलतज्ज्ञ आहे, ठाण्यात २६ वर्षं झाली, निम्मा वेळ ऑपरेशन थिएटर आणि निम्मा आयसीयू. माणसाची शुद्ध घालवायची आणि परत आणायची हे माझं रोजचं काम, आणि इतक्या वर्षांत आयसीयूच्या दाराबाहेर मला सगळ्यात जास्त वेळा जो प्रश्न आला तो एकच आहे, "डॉक्टर, ओळखतात का?" शुद्धीवर आले का असं विचारणारे कमी, ओळखतात का विचारणारे जास्त. पुस्तकात चेतना, जाणीव, भान असे शब्द आहेत पण घरच्या माणसाला हवं असतं ते एवढंच, की मी आलेय हे त्यांना कळलं का. मला हा प्रश्न कधीच अडाणी वाटला नाही. उलट आम्ही जे मोजतो त्याच्यापेक्षा हा अवघड आहे.

आम्ही काय मोजतो ते सांगते. फाइलवर तुम्ही ई, व्ही, एम असं काहीतरी लिहिलेलं बघितलं असेल. १९७४ साली ग्लासगोच्या टिसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी ती पद्धत काढली, डोळ्यांचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६, मिळून जास्तीत जास्त १५ आणि कमीत कमी ३. गळ्यात नळी असली की बोलण्याच्या जागी मार्क नसतात, टी (म्हणजे ट्यूब) लिहितात. बाबांचे डोळे आपणहून उघडतात म्हणजे डोळ्यांचे चारपैकी चार, आणि आईने ते वाचलं तर तिला वाटणारच की पैकीच्या पैकी मिळाले. पण डोळे उघडणं म्हणजे जाग, आणि जाग आणि भान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागेची यंत्रणा मेंदूच्या देठात असते, ती शाबूत असेल तर दिवसा डोळे उघडतील, रात्री मिटतील, जांभई येईल, ठसका लागेल, मोठा आवाज झाला तर दचकतील. आपण मराठीत म्हणतो ना, जागा आहे पण भानावर नाही, अगदी तेच. हे डॉक्टरी भाषेत समजवायला मला वीस मिनिटं लागायची, एकदा एका पेशंटच्या सासूबाईंनी बाकीच्यांना त्या एका वाक्यात सांगितलं, तेव्हापासून मी तेच वापरते.

म्हणजे बाबांच्या बाबतीत खरा प्रश्न हालचालीच्या मार्कांचा आहे. चिमटा काढल्यावर नुसता हात आखडतात, का दुसरा हात चिमट्याच्या जागेकडे नेतात, का सांगितलेलं करतात, यावर सगळं ठरतं. सांगितलेलं केलं तर ६. आणि यात एक गोष्ट आहे जी आम्ही घरच्यांना नीट सांगत नाही: हे सगळे मार्क ओ दिल्याचे आहेत, आतलं भान आम्ही थेट मोजतच नाही. आम्ही हाक मारतो आणि ओ येते का बघतो. ओ आली नाही तर फाइलवर शुद्ध नाही असं लिहितो, पण खरं त्याचा अर्थ आम्हाला ओ मिळाली नाही एवढाच असतो.

आता आईचं. हात घट्ट धरतात ही गोष्ट मी शेकडो वेळा ऐकली आहे आणि त्यातल्या बऱ्याच वेळा, मनावर दगड ठेवून सांगते, ते नुसतं प्रतिक्षिप्त असतं. तान्ह्या बाळाच्या तळहातात बोट दिलं की ते मूठ वळतं, मोठेपणी मेंदूचा पुढचा भाग ते दाबून ठेवतो, आणि त्या भागाला मार लागला की ते परत येतं. डोळ्यातून पाणी येणं, दात खाणं, तोंड वेडंवाकडं होणं, हेही भानाशिवाय होऊ शकतं. पण म्हणून आईला गप्प करू नका. तिला एवढंच शिकवा की धरा म्हणू नकोस, सोडा म्हण. धरलेला हात सांगितल्यावर सोडला, थोड्या वेळाने परत सांगितल्यावर परत सोडला, तर ते मूठ वळण्यापेक्षा कितीतरी मोठं आहे. अंगठा वर करा, दोन बोटं दाखवा, वर छताकडे बघा, असं एका वेळी एकच सांगायचं आणि मग गप्प बसून निदान दहा-पंधरा सेकंद वाट बघायची, कारण अशा मेंदूला वेळ लागतो आणि आपण घाईत दुसरं वाक्य बोलून पहिलं पुसून टाकतो. आणि काही न सांगताही तोच हात तसाच हलतो का तेही बघून ठेवायचं, नाहीतर आपोआप हलणाऱ्या हाताला आपण उत्तर समजून बसतो. किती वाजता सांगितलं, काय झालं, एका वहीत लिहून ठेवायचं, झालं नाही तेही लिहायचं.

भाषेचं एक सांगते. चेंदणी कोळीवाड्यातल्या एक आजी आमच्याकडे होत्या, पडून डोक्यात रक्ताची गाठ झाली होती, गाठ काढली पण आठ-नऊ दिवस काही नाही. सकाळच्या राऊंडला आमचा रेसिडेंट हिंदीत ओरडायचा, अम्मा आँखें खोलो, सिस्टर केरळच्या, त्या त्यांच्या परीने मराठीत सांगायच्या, आणि मी माझ्या पुस्तकी मराठीत "आजी, जीभ बाहेर काढा" म्हणायचे. फाइलवर रोज तेच, ओ नाही. नातू संध्याकाळी मासळी आटपून यायचा, तो कानाशी वाकून म्हणाला, आये, डोले उघर, मी आलोय, आणि आजींनी डोळे उघडून मान त्याच्याकडे वळवली. मला वाटलं योगायोग. परत करायला सांगितलं, परत केलं. तिसऱ्यांदा नाही झालं, दमल्या असाव्यात. त्या दिवशी मी माझ्या हाताने आधीची नोंद बदलली. आणि मी घरी जाताना एवढाच विचार करत होते की हा पोरगा सकाळी राऊंडला हवा होता, मासळीच्या वेळेमुळे आम्ही आठवडाभर आजींना बेशुद्ध म्हणत राहिलो.

हे माझ्या एकटीच्या आयसीयूचं नाही. २००९ साली बेल्जियममध्ये एक अभ्यास झाला, डॉक्टरांच्या सगळ्या टीमने एकमताने भान नाही असं ठरवलेल्या ४४ पेशंटना ठरावीक पद्धतीने पुन्हा नीट तपासलं तेव्हा त्यातल्या १८ जणांत भानाची खूण सापडली. ४१ टक्के. त्या पद्धतीत एक साधी वस्तू वापरतात, आरसा. मेंदू परत भानावर यायला लागला की बऱ्याचदा सगळ्यात आधी नजर मागे मागे जायला लागते, आणि २००८ साली तिथल्याच लोकांनी दाखवलं की हलणारी वस्तू किंवा चालणारा माणूस यांच्यापेक्षा आरसा फिरवला तर जास्त पेशंटची नजर त्याच्यामागे जाते. स्वतःचा चेहरा तेवढा ओढतो. मी स्वतः हे बघितलंय, घोडबंदर रोडला बाईकवरून पडलेला २४ वर्षांचा मुलगा होता, टॉर्च फिरवला काही नाही, त्याच्या बहिणीच्या पर्समधला आरसा घेतला, एका हाताचं अंतर ठेवून डावीकडून उजवीकडे हळूहळू नेला, आणि त्याची नजर आरशाबरोबर सरकली, मध्ये एकदा निसटली, परत पकडली. बहीण रडायला लागली, मी तिला म्हटलं रडू नकोस आत्ता, आरसा हलतोय.

आता थिएटरमधलं सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर मला तिथे मिळालं. लोकांना वाटतं भूल म्हणजे गाढ झोप. आम्हीही तसंच सांगतो, काही नाही हो, झोप लागेल. पण झोपेतून उठल्यावर आपल्याला अंदाज असतो की बराच वेळ गेला, भुलेतून उठलेला माणूस चार तासांनी विचारतो, कधी सुरू करणार? मधला वेळ झोपेसारखा गेलेला नसतो, तो कापूनच टाकलेला असतो. एक कीर्तनकार होते आमचे पेशंट, पित्ताशयाचं ऑपरेशन, ते आदल्या दिवशी मला म्हणाले जागृती, स्वप्न, सुषुप्ती यातली तुमची भूल कुठे बसते? मी म्हटलं कुठेच बसत नाही काका, सुषुप्तीतल्या माणसाला हलवलं तर तो उठतो.

आणि सगळ्यांना एक भीती असते, मध्येच जाग आली तर? ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये याची मोठी पाहणी झाली होती, २०१४ ला आली, त्यात पूर्ण भुलेच्या साधारण १९,००० केसेसमागे एकाने मध्ये जाग होती असं नंतर सांगितलं होतं, पूर्ण भूल देऊन केलेल्या सिझेरियनमध्ये मात्र ६७० मागे एक. म्हणजे फार क्वचित. पण हे झालं ज्यांना आठवतं त्यांचं. १९७७ साली टन्स्टॉल नावाच्या भूलतज्ज्ञाने एक युक्ती काढली, स्नायू शिथिल करायचं औषध द्यायच्या आधी एका हाताला बीपीचा पट्टा आवळायचा म्हणजे ते औषध त्या हातात पोचत नाही, तेवढा हात मोकळा राहतो. मग भुलेत असलेल्या माणसाला सांगायचं, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा. आणि काही जण दाबतात! नंतर उठल्यावर विचारलं तर काहीही आठवत नाही, छान झोप लागली म्हणतात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस अस्वस्थ होते. ओ देणं, भान असणं आणि आठवणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण रोजच्या बोलण्यात तिन्हींना मिळून शुद्ध म्हणतो कारण धडधाकट माणसात त्या एकत्रच असतात. आजारपणात, औषधात त्या सुट्या होतात, आणि घरात तीन माणसं तीन वेगळी मतं घेऊन भांडायला लागतात.

उलट्या बाजूचंही आहे. २००६ साली केंब्रिजला एड्रियन ओवेन यांनी अपघातातल्या २३ वर्षांच्या एका बाईला, जिला पाच महिने कसलीही ओ नव्हती, एमआरआय मशीनमध्ये ठेवून सांगितलं की टेनिस खेळतेय अशी कल्पना कर, मग सांगितलं स्वतःच्या घरातल्या खोल्यांतून फिरतेय अशी कर. मेंदूचे तेच भाग पेटले जे तुमचे-माझे पेटले असते. बोट हलत नव्हतं पण सांगितलेलं करत होती. २०२४ साली यावर मोठा अभ्यास आला, बाहेरून काहीच ओ न देणारे २४१ जण, त्यातल्या ६० जणांनी, म्हणजे चौघांत एकाने, मशीनमध्ये अशी ओ दिली. ताई, यावरून आशा धरताना दुसरा आकडा पण धरा, बाकी तिघांत काही सापडलं नाही. आणि तिसरा पण, त्याच अभ्यासात जे ११२ जण बिछान्याशी सांगितलेलं करत होते, म्हणजे भान नक्की होतं, त्यातल्या फक्त ३८ टक्क्यांचं मशीनला कळलं. म्हणजे मशीनही चुकतं, आणि सापडलं नाही याचा अर्थ नाहीच असा होत नाही. अशी तपासणी परदेशातल्या मोजक्या केंद्रांत होते, ती आपल्याला इथे कुठे मिळेल म्हणून वणवण करू नका, आरसा आणि वही यांनी तुम्हाला आत्ता जास्त कळेल.

आता भाऊ. त्याच्यावर चिडू नका, तो जे म्हणतोय ते अगदी सर्वसाधारण माणसासारखं म्हणतोय. २०११ साली अमेरिकेत मानसशास्त्राच्या लोकांनी एक प्रयोग केला, लोकांना एका माणसाच्या अपघाताची गोष्ट दिली, काहींना सांगितलं वाचला, काहींना मेला, काहींना जिवंत आहे पण भान कायमचं गेलं. मग विचारलं, त्याला बरं-वाईट कळतं का, आठवण आहे का, स्वभाव आहे का. लोकांनी त्या बेशुद्ध माणसाला मेलेल्यापेक्षाही कमी मन दिलं! मला सुरुवातीला हे खरं वाटेना, मग आपल्याकडचं आठवलं. दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवला नाही की आपण काय म्हणतो? काहीतरी इच्छा राहिली असेल, धाकटीच्या लग्नाचं मनात होतं, आणि कोणीतरी पुढे होऊन म्हणतं काळजी करू नका दादा, मी बघतो तिचं. म्हणजे जो माणूस गेलाय त्याला इच्छा आहे, काळजी आहे, रुसवा आहे, हे आपण सहज मानतो. आणि जो समोर बिछान्यावर श्वास घेतोय त्याला काहीच नाही म्हणतो. कारण गेलेल्या माणसाचं शरीर समोर नसतं, तो आपल्या आठवणीत पूर्वीसारखा चालता-बोलता असतो. बिछान्यावरच्या माणसाचं समोर दिसतं ते शरीरच, नळ्या, लघवीची पिशवी, पाठीवरच्या जखमा, आणि शरीर जितकं दिसतं तितकं मन दिसेनासं होतं. त्याच अभ्यासात मेलेल्याच्या गोष्टीतही प्रेताचं वर्णन घातलं तर लोकांनी त्याला दिलेलं मन कमी झालं.

भावाला एक गोष्ट करून बघायला सांगा. बाबांचा एखादा जुना फोटो, कामावरचा, गावचा, हसताना, खाटेच्या डोक्याशी चिकटवा. हा उपचार नाही. पण मी बघते की फोटो लागला की सिस्टर, वॉर्डबॉय, मावशी बाबांशी बोलायला लागतात, "चला काका कुशीवर करते" असं, नाहीतर बेड नंबर सात होतो. आणि फोटो असला की भाऊही थोडा जास्त वेळ थांबेल.

आणि एक स्पष्ट करून टाकते, बाबा ब्रेन डेड नाहीत. ते श्वास आपला आपण घेतायत, ठसका आहे, ब्रेन डेडमध्ये हे काहीच नसतं आणि तो कायद्याने मृत्यू असतो, १९९४ च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टर निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून तो ठरवतात. कोमात गेले, ब्रेन डेड झाले, हे शब्द नातेवाइकांच्या फोनाफोनीत एकमेकांत मिसळतात आणि मग घरी लोक भेटायला यायच्या ऐवजी सांत्वनाला येतात.

मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांचं तुम्हाला माहीत असेल, हल्ल्यात मेंदूला इजा होऊन १९७३ ते २०१५, ४२ वर्षं त्या तिथेच बिछान्यावर होत्या. २०११ साली सुप्रीम कोर्टात दयामरणाचा विषय आला तेव्हा ज्यांनी पिढ्यान् पिढ्या त्यांना भरवलं, न्हाऊमाखू घातलं त्या परिचारिका ठाम होत्या की तिला आवडनिवड आहे, ती तिच्या परीने सांगते. तपासणाऱ्या डॉक्टरांचं मत वेगळं होतं, त्यांनी ती कायमच्या भान हरपलेल्या अवस्थेच्या बहुतेक निकषांत बसते असं सांगितलं. मी त्या वेळी डॉक्टरांच्या बाजूची होते. आज मला वाटतं की रोज भरवणारी बाई ज्या गोष्टी बघते त्या अर्धा तास तपासणाऱ्याला दिसायला मार्गच नाही, आणि तिला माया आहे म्हणून ती जास्तीचंही बघते, दोन्ही एकाच वेळी खरं आहे. तुमच्या आईचं हेच आहे. म्हणून वही. माया आहे तशी राहू दे, नोंद पण राहू दे.

तेव्हा डॉक्टरांना भेटाल तेव्हा हे विचारा: झोपेची, फिटची कोणती औषधं चालू आहेत आणि त्याने गुंगी राहत असेल का, सोडियम किती आहे, ताप-इन्फेक्शन आहे का, बाहेर न दिसणाऱ्या फिट येत नाहीत ना यासाठी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, झालाय का, डोक्यात पाणी वाढलंय का. हे सगळं असलं तर भान झाकलं जातं आणि यातलं बरंचसं दुरुस्त होतं. शुद्ध नाही हे एकदा तपासून म्हणतायत का वेगवेगळ्या वेळी, ते विचारा. दोन आठवड्यांत निदान पाच वेळा तपासावं असं आता सुचवतात, कारण सकाळी नसलेलं भान दुपारी असू शकतं. रक्तस्रावासारख्या आजारात तीन महिने झाल्याशिवाय ही अवस्था कायमची धरत नाहीत, तुमचे २३ दिवस झालेत. बरे होतील असं मी म्हणत नाहीये, तेवढं सांगायला मला त्यांचा स्कॅन बघावा लागेल आणि तरीही कदाचित सांगता येणार नाही. आज कोणीही नाही म्हणून शिक्का मारू नये एवढंच म्हणतेय, आणि खाटेजवळ उभं राहून नुसतं शरीर आहे वगैरे बोलू नये, भावाने पण नाही आणि राऊंडवरच्या डॉक्टरांनी पण नाही, बोलायचं तर बाहेर पॅसेजमध्ये.

आरसा नेताना तळहातापेक्षा मोठा न्या, बाबांना पुरता चेहरा दिसेल एवढा. आधी पाठ थोडी उचलून बसतं करायला सांगा, खोलीतला टीव्ही बंद करा. आणि बाबा चष्मा लावायचे का? ऍडमिट करताना घरी पाठवला असेल तर तो घेऊन जा, काचा पुसून आधी डोळ्यांवर लावा, ऐकायचं मशीन असेल तर तेही, सेल बघून.